बोरघाट, ऑक्टोबर १९७५

आमच्या क्लबाच्या मॉडेल रेल्वेवरील बोरघाटाचा भाग सध्या अर्धा उखडलेला आणि अर्धा नव्याने उभा राहिलेला आहे. गाड्या तर चालत होत्या, मग हे सगळे मोडण्याचे कारण काय, असे पाहायला येणारे लोक साहजिकच विचारतात. कारणे बरीच आहेत. पितळी रूळ सतत काळे पडत होते, प्लॅस्टरच्या डोंगराला भेगा गेल्या होत्या आणि लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेले गवत दर पावसाळ्यात बुरशी धरत होते. मात्र एवढ्यासाठी डागडुजीही पुरली असती. सगळे मुळापासून करावे लागले, कारण वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी भर घालत गेल्याने आमच्या घाटाला ना वर्ष उरले होते ना ऋतू. लेआउट सुधारायचा तर आधी काळ ठरवावा आणि मगच पक्कड हातात घ्यावी, असे माझे मत पहिल्यापासून होते आणि या कामात ते अधिकच पक्के झाले.

आमचा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या आकाराचा आहे. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे. ते या मापात जसेच्या तसे उतरवायचे तर ३२० मीटरांहून लांब दालन लागेल. पुण्यात एवढी जागा मॉडेल रेल्वेला देणारा कोणी अद्याप भेटलेला नाही. त्यामुळे आमच्याकडे कर्जतचे यार्ड, ठाकूरवाडीची केबिन, मंकी हिल आणि खंडाळा एवढेच आहे आणि मधले सगळे बोगद्यांच्या अंधारात गडप केलेले आहे. वळणांचेही तेच. खऱ्या मार्गावरील तीनशे मीटर त्रिज्येचे वळणसुद्धा या मापात जवळजवळ साडेतीन मीटर त्रिज्येचे होते, आणि आमचे सर्वांत ऐसपैस वळण एक मीटरच्याही आत आहे. ही तडजोड प्रत्येक क्लबाला करावीच लागते आणि तिची खंत करण्यात अर्थ नाही.

चढाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६३ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या या घाटाचा कमाल चढ सदतीसात एक असा आहे, आणि तो काहीही न आखडता लेआउटवर आणता येतो. फ्लेक्सिबल रुळाचा एक तुकडा साधारण ९१ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर उंच ठेवले की बोरघाटाचा चढ तयार. जुन्या लेआउटवर हा चढ काही ठिकाणी याहून सौम्य आणि एका वळणावर भलताच खडा होता, त्यामुळे मालगाडी नेमकी तिथेच दम तोडत असे. आता चढ सगळीकडे सारखा केला आहे. अर्थात इतक्या तीव्र चढावर लांब गाडी एकट्या इंजिनाने ओढली जात नाही. खऱ्या घाटाप्रमाणेच मागून ढकलणारे इंजिन, म्हणजे बँकर, लावावे लागते, आणि पाहुण्यांना तेच सर्वांत जास्त आवडते.

काळाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर आला तो खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनपाशी. मूळच्या मार्गावर गाडी खंडाळ्याजवळ कड्याच्या टोकावरील एका स्थानकात जाऊन थांबत असे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून हा प्रकार बंद करण्यात आला. त्याच सुमारास दीड हजार व्होल्टच्या डीसी विजेवरील इंजिने या घाटात आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. म्हणजे घाटातील विजेची गाडी आणि रिव्हर्सिंग स्टेशन यांची गाठ पडण्याचे कारणच नाही. आमच्याकडे मात्र दख्खनची राणी त्या स्थानकात जाऊन दिमाखात उलटी फिरत होती आणि तिच्या शेजारून हल्लीच्या काळातील कंटेनरची मालगाडी जात होती.

यावर क्लबात भरपूर चर्चा झाली. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. “अहो, लहान मुले इंजिन इकडून तिकडे जोडताना बघायलाच येतात. ते काढलेत तर इथे बघायचे काय?” त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. वाफेच्या काळातला, म्हणजे १९२९ च्या आधीचा घाट करावा, असाही एक पक्ष होता. पण आमच्या कपाटातील इंजिने आणि डबे बहुतांश विजेच्या काळातील आहेत, आणि संपूर्ण नवा ताफा विकत घेण्याएवढी वर्गणी जमत नाही. शेवटी १९७५ हे वर्ष ठरले. त्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेली डब्ल्यूसीजी-२ इंजिने घाटात आली होती, आणि १९२८ पासूनची, पुढे नाक काढलेली जुनी ‘क्रोकोडाइल’ इंजिनेही सेवेतून पुरती गेलेली नव्हती. दोन्ही पिढ्या एकत्र दाखवता येतात, हा या वर्षाचा मोठा फायदा.

वर्ष ठरल्याबरोबर पुष्कळ वाद आपोआप मिटले. रिव्हर्सिंग स्टेशनचे रूळ उचलले. दगडी भराव आणि फलाटाची कड तशीच ठेवली आणि वर गवत उगवू दिले, कारण १९७५ मध्ये ते तसेच दिसले असते. तिथून निघालेले, गाडीचा मार्ग बदलणारे दोन चांगले सांधे पुढे कॅच साइडिंगसाठी, म्हणजे ब्रेक निकामी झालेली गाडी बाजूला घेणाऱ्या मार्गासाठी, कामी आले. घाटातील अमृतांजन पुलाचाही निकाल लागला. १८३० मध्ये बांधलेला हा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला, तेव्हा तो लेआउटवरूनही काढावा का असा प्रश्न मधल्या काळात निघाला होता. १९७५ म्हटल्यावर पूल राहिला आणि ज्या जाहिरातीमुळे त्याला हे नाव पडले तिचा फलकही राहिला. कंटेनरगाडी मात्र कपाटात गेली.

मग महिना. खंडाळ्याचा घाट म्हटला की पावसाळा, असे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात असते, आणि निम्म्या सभासदांना धुक्यातून उतरणारे धबधबेच हवे होते. मी विरोध केला. भर पावसाळ्यात सगळा डोंगर एकाच हिरव्या रंगाचा दिसतो, खडक ओला असल्याने चकाकतो आणि मॉडेलवर अशी चकाकी बहुतेक वेळा सांडलेल्या वार्निशसारखी दिसते. उलट ऑक्टोबरच्या मध्याला ओहोळांत थोडे पाणी असते, घळींतली झाडी गर्द असते, उघड्या माळावरचे गवत शेंड्याकडून पिवळे पडू लागलेले असते आणि उतारांवर सोनकी फुललेली असते. रंगकाम करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवे? या निर्णयाचा फटका एका तरुण सभासदाला बसला, कारण त्याने लाल फुलांनी बहरलेले पांगारे फार सुरेख केले होते. पांगारा फुलतो तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तोही पानझड झाल्यावर. त्याचे पांगारे आता काचेच्या कपाटात आहेत आणि तो अजून माझ्याशी थोडा फटकून वागतो.

रुळांचे काम या सगळ्याच्या आधी करावे लागते. एकदा खडी चिकटली आणि डोंगर उभा राहिला की रुळाला हात लावणे म्हणजे पुन्हा तोडफोड. आमचे जुने रूळ कोड १०० चे, म्हणजे उंचीला इंचाचा दहावा भाग, २.५४ मिलिमीटर होते. याला ८७ ने गुणले तर २२१ मिलिमीटर उंचीचा रूळ होतो. भारतात असा रूळ कुठेही नाही. मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ १५६ मिलिमीटर उंच असतो आणि ६० किलोचा १७२. त्या हिशेबाने कोड ७०, म्हणजे १.७८ मिलिमीटर, हा ५२ किलोच्या रुळाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. अडचण अशी की आमच्या जुन्या डब्यांच्या चाकांची कड खोल आहे आणि कोड ७० वर ती रूळ धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर खडखडत जाते. म्हणून मुख्य मार्गाला कोड ८३ आणि यार्डातील बाजूच्या मार्गांना कोड ७० असा तोडगा काढला. दोन उंचींचे रूळ जिथे मिळतात तिथे रुळांची टोके जोडणाऱ्या धातूच्या जॉइनरचे एक टोक चेपून सपाट करायचे, त्यावर बुटका रूळ ठेवून सोल्डरचा डाग द्यायचा आणि वरचा पृष्ठभाग एका रेषेत येईपर्यंत बारीक कानशीने घासायचा. बोट फिरवल्यावर नखाला काही अडले नाही, की जोड जमला.

ब्रॉडगेजच्या मापाचा प्रश्न दरवेळी निघतो, म्हणून तोही सांगून टाकतो. आपल्या ब्रॉडगेजची १,६७६ मिलिमीटर रुंदी एचओ मापात १९.३ मिलिमीटरांच्या आसपास येते, आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरांचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचा असतो. शुद्धतेचा आग्रह धरला तर प्रत्येक चाक आणि प्रत्येक सांधा हाताने करावा लागेल. आम्ही तो नाद सोडला. स्लीपरच्या बाबतीत मात्र सोडला नाही. आयात केलेल्या रुळावरील स्लीपर आपल्या मानाने दाट असतात. आपल्याकडे १३ मीटर रुळाखाली २० स्लीपर घातले, तर दोहोंमधील अंतर ६५ सेंटिमीटर, म्हणजे एचओ मापात साडेसात मिलिमीटर येते. रूळ उलटा करून, स्लीपरना जोडणारी प्लॅस्टिकची बारीक पट्टी ब्लेडने कापायची आणि साडेसात मिलिमीटर खाचांच्या लाकडी पट्टीवर एकेक स्लीपर सरकवत न्यायचा, असे हे काम आहे. कंटाळवाणे आहे खरे, पण त्यानंतर तोच रूळ एकदम ओळखीचा दिसू लागतो. मधल्या काळात कोणीतरी बसवलेले काँक्रीटच्या स्लीपरचे तुकडे अर्थात काढून टाकले. १९७५ मध्ये लाकडी आणि लोखंडी स्लीपरच सर्रास दिसत.

रुळाखाली कॉर्कची पट्टी लागते. परदेशी तयार पट्टी महाग पडते. गाड्यांचे गॅस्केट कापून देणाऱ्या दुकानात तीन मिलिमीटरची कॉर्कशीट मिळते आणि ती पुरेशी आहे. वीजजोडणीत मात्र काटकसर करू नये. जुन्या लेआउटवर वीज एका तुकड्यातून दुसऱ्यात केवळ जॉइनरमधून जात होती, आणि जॉइनर सैल झाला किंवा आतून काळा पडला की पुढचे इंजिन मंदावत असे. आता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बारीक वायरीचा डाग दिला आहे आणि त्या सगळ्या वायरी टेबलाखालून जाणाऱ्या अडीच चौरस मिलिमीटरच्या जाड वायरीला जोडल्या आहेत. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल पद्धतीत रुळावर सतत पूर्ण दाबाची वीज असते आणि इंजिनातील डिकोडर आपापला हुकूम ओळखून चालतो. त्यामुळे कुठे शॉर्टसर्किट झाले तर रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने तत्काळ वीज तोडलीच पाहिजे. त्याची चाचणी सोपी आहे. दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवायचे. वीज लगेच गेली तर वायरी पुरेशा जाड आहेत. नाणे तापू लागले आणि वीज चालूच राहिली तर त्या भागाची जोडणी पुन्हा करायची. आम्ही कर्जतपासून खंडाळ्यापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर नाणे ठेवत गेलो आणि बोगद्याच्या आत एक जागा अशी निघालीच.

रुळाच्या तुकड्यांत मधूनमधून बारीक फट सोडावी लागते. लोक याचे कारण उन्हाने प्रसरण पावणारा धातू असे समजतात, पण खोलीतल्या लेआउटवर खरा खेळ लाकूड करते. पावसाळ्यात दमट हवेने चौकट फुगते आणि एप्रिलमध्ये आक्रसते. रूळ तेवढाच राहतो. फट नसली तर उन्हाळ्यात रूळ बाजूला फुगारा धरतो आणि गाडी नेमकी वळणावर घसरते.

कॅच साइडिंग हा या सुधारणेतील माझा सर्वांत आवडता भाग आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढणीच्या आंधळ्या मार्गावर घालण्याची ही व्यवस्था. सांधा नेहमी साइडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री पटते आणि मगच केबिनमधून सांधा मुख्य मार्गाकडे फिरवला जातो. आमच्या लेआउटवर आजवर ती केवळ शोभेची होती. आता सांध्याअलीकडे रुळांच्या मधोमध इन्फ्रारेड सेन्सर बसवले आहेत. गाडी तिथे थांबून ठरलेला वेळ उभी राहिली तरच छोटी सर्व्हो मोटर सांधा फिरवते. न थांबता आलेली गाडी थेट साइडिंगच्या चढावर जाते. नव्याने गाडी चालवायला शिकणारे सभासद तिथे हमखास सापडतात, आणि अप्पांनाही रिव्हर्सिंग स्टेशनच्या बदल्यात मुलांना दाखवायला काहीतरी मिळाले आहे.

खडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे यात एक मोठा सापळा आहे. घाटातली खडी काळ्या पाषाणाची असते, तेव्हा तोच दगड फोडून, बारीक चाळून वापरावा, असे कोणालाही वाटेल. पण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. चाळलेल्या चुऱ्यावर कागद ठेवून वरून लोहचुंबक फिरवला की कागदाला खालून काळी मिशी फुटते. इंजिनाच्या मोटरीतही चुंबकच असतो. रुळांमधले सुटे कण तो अलगद वर ओढून घेतो, आणि ते गिअरमध्ये शिरले की मोटरीची कुरकूर सुरू होते. म्हणून आम्ही स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी वापरतात त्या कडप्प्याचे टाकाऊ तुकडे आणून फोडले. कडप्पा चुनखडकाच्या जातीचा, त्यामुळे चुंबकाला दाद देत नाही, आणि फोडल्यावर त्याचा रंग धुळकट करडा येतो, जो वापरातल्या खडीला शोभतो. खऱ्या खडीचा सर्वांत मोठा दगड ६५ मिलिमीटरच्या आसपास धरला तर मॉडेलवर पाऊण मिलिमीटरपेक्षा मोठा कण चालणार नाही. दोन चाळण्या लावून त्याहून जाड आणि पीठ झालेले असे दोन्ही काढून टाकले.

खडी कोरडी पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरच्या वरची झटकायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून ओली करायची आणि मग निम्मे पाणी घातलेले फेविकॉल ड्रॉपरने कडेकडेने सोडायचे. आधी ओली केली नाही तर फेविकॉलचा थेंब कणांवर गोळी होऊन बसतो आणि खड्डा पडतो. सांध्यांच्या हलत्या पात्यांना आधी तेलाचा पुसट हात लावावा. शेवटी रुळांच्या बाजू तपकिरी रंगवल्या. उतरणीच्या मार्गावर हा तपकिरी रंग मुद्दाम जास्त दिला आहे, खडीवरही, कारण ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची धूळ घाट उतरतानाच सर्वाधिक पडते. चढणीचा मार्ग त्यामानाने करडा ठेवला. हा फरक फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो, पण ज्यांच्या लक्षात येतो ते बहुधा रेल्वेतले असतात.

डोंगराचे काय करायचे हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक विषय होता, कारण तो संस्थापक सभासदांनी उभा केलेला होता. कर्जतच्या एका पाहुण्यांनी मागे विचारले होते, “आमच्या घाटात देवदार कधी लागले?” आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते, कारण परदेशी पाकिटातून सूचिपर्णी झाडे आली तशी ती लावली गेली होती. खडकाचे साचेही परदेशी होते, त्यामुळे खडकाचे थर तिरके होते. सह्याद्रीचा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याच्या आडव्या पायऱ्या दिसल्याच पाहिजेत आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसला पाहिजे. नवा डोंगर घट्ट फोमच्या शीट एकावर एक चिकटवून केला, आडवा तासला आणि तारेच्या ब्रशने ओरखडला. बोगद्यांची तोंडे मात्र जुनीच ठेवली. ती संस्थापकांनी काळ्या दगडाच्या कपच्या घासून, एकेक चिरा बसवून केलेली आहेत. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच काळात वारले आणि ज्यांच्या कंत्राटाखाली घाटाचे काम पुढे गेले त्या त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या काळातल्या चिरेबंदीशी या तोंडांची तुलना करणे धाडसाचे होईल, पण ती तोडण्याचा विषय कोणी काढलासुद्धा नाही.

गवतासाठी डास मारायच्या रॅकेटमधील सर्किट वापरले. त्याची एक वायर चहाच्या धातूच्या गाळणीला आणि दुसरी ओल्या फेविकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला जोडली, की गाळणीतून पडणारे नायलॉनचे तंतू विजेच्या ओढीने उभेच्या उभे चिकटतात. दोन मिलिमीटरचे हिरवे तंतू खाली आणि चार मिलिमीटरचे पिवळसर वर, असे दोन हात दिले. हे काम कोरड्या हवेतच करावे. दमट दिवशी भार टिकत नाही आणि गवत आडवे पडते. चालू गाळणीला हात लागला तर झटका बसतो, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवावे. कारवीसाठी मिक्सरमधून काढलेला स्पंज मळकट हिरव्या रंगात बुडवला आणि सोनकीसाठी तोच अगदी बारीक करून पिवळा केला. सोनकी लावताना हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर उतारावर कोणी भंडारा उधळल्यासारखे दिसते. रंग खोलीतल्याच दिव्यांखाली ठरवावेत, कारण अंगणातल्या उन्हात जुळलेला हिरवा आमच्या एलईडीखाली निळसर दिसतो.

मंकी हिलच्या वरची ओव्हरहेड तार अजून ओढायची आहे. फॉस्फर ब्राँझची तार आणून ठेवली आहे. तार केवळ दिसण्यापुरती असावी, की इंजिनाच्या छतावरचा, वीज घेणारा पँटोग्राफ तिला खरोखर टेकून चालावा, यावर एकमत झालेले नाही. टेकवायचा तर प्रत्येक वळणावर जास्तीचे खांब लागतील आणि बोगद्याच्या जुन्या तोंडांतून तार नेणे जिकिरीचे होईल. माझा कल न टेकवण्याकडे आहे, अप्पांचा टेकवण्याकडे. तोवर खंडाळ्यापर्यंत इंजिने पँटोग्राफ अर्ध्यावर धरून धावत आहेत.